खाली उतरायचं काम नाही

२३ एप्रिल

आज ट्रॅक्टरवरून सदतीस वेळा खाली उतरलो. आकडा माझा नाही, बायकोचा, आर्डिसचा. मी दिवसभर रस्त्यावर होतो, ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बटाटे सोलत होती, आणि जेवताना वाडगा पुढे करत म्हणाली, "सदतीस."

"काय सदतीस?"

"उतरलास. शेवटच्या दहा वेळा तर चाकाला धरून उभा राहिलास."

तिने बावीस वर्षं शाळेची बस चालवली. चढणारी-उतरणारी डोकी मोजायची सवय तिची अजून गेलेली नाही.

बर्फ वितळून गेलं की आमचा खडीचा रस्ता चाळण होऊन बसतो. काउंटीच्या डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत पाव मैल, सगळा चढ. ट्रॅक्टरमागे पातं लावून तो ओढून काढायचा, मधे पाठ उंच ठेवायची, दोन्ही कडांना उतार द्यायचा. पातं तीन जागी धरलेलं असतं : खाली दोन हात आणि वर एक दांडी. वरची दांडी हाताने फिरवून लांब-आखूड केली की पातं पुढे-मागे कलतं. उजव्या हाताची दांडी फिरवली की एक बाजू खाली जाते. प्रत्येक वेळी ब्रेक लावा, उतरा, गंजलेली दांडी फिरवा, चढा, दहा फूट जा, बघा, पुन्हा उतरा. यात वेळ फुकट जातो. माझ्या उजव्या खुब्याचा याच्याशी काही संबंध नाही, तो हवेमुळे दुखतो.

चीज कारखान्यात एकतीस वर्षं मी बॉयलर सांभाळला. दर तासाला काचेतलं पाणी, दाब, वेळ, सही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी दिवसाची नोंद केल्याशिवाय झोप येत नाही. याचा फायदा असा की माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

मागच्या रविवारी ईस्टरला केंट आला होता. आमचा हा मुलगा मॅडिसनला विमा कंपनीत लोकांचे धोके मोजतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्यावर हात साफ करतो. हॅम कापता कापता म्हणाला, "डॅड, जानेवारीत इथे अॅम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली तर ती वर कशी येणार?"

मी म्हणालो, "चाकांवर."

मग त्याने खिशातून एक चकचकीत कागद काढला. गावात दवाखान्याशेजारी फ्लॅट आहेत. पायऱ्या नाहीत, लिफ्ट आहे, बर्फ दुसरंच कुणी तरी काढतं. मी म्हणालो की या रस्त्यावरचं बर्फ चाळीस वर्षं मी काढतोय, पुढेही मीच काढणार. बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं : एक हिवाळा. बाहेरच्या कुणालाही न बोलवता पुढच्या ईस्टरपर्यंत रस्ता उघडा राहिला, तर केंट हा विषय जन्मात काढणार नाही. एकदा जरी फोन करून कुणाला बोलवावं लागलं, तर घर विकायला काढायचं. धोके मोजणारा माणूस, त्याने ते त्याच कागदाच्या पाठीवर लिहूनही काढलं : 'डॅडने एकट्याने.'

आर्डिस केक घेऊन येत होती. खांद्यावरून वाचून म्हणाली, "'घरच्यांनी' असं लिही. बरं दिसतं."

केंटने खोडून तसं लिहिलं. कागद आता फ्रिजवर चिकटवलेला आहे. मला हे घर सोडायचं नाही. बास, एवढंच.

३ मे

मंगळवार, म्हणजे धान्याच्या गिरणीशेजारच्या कॅफेत कॉफी. आम्ही पाच-सहा म्हातारे चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवतो, ज्याचे कमी पडतील तो सगळ्यांची कॉफी देतो. आज मी हरलो. पण मर्लिन ड्वोराक जे बोलला त्यात ती कॉफी वसूल झाली.

मर्लिनने त्याच्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक बसवलंय. वरच्या दांडीच्या जागी एक सिलिंडर, उजव्या दांडीच्या जागी दुसरा, आणि सीटशेजारी लिव्हर. लिव्हर ढकलला की तेल जातं, पातं हवं तसं कलतं.

"लाइल, मागच्या अख्ख्या हिवाळ्यात मी एकदाही खाली उतरलो नाही," तो म्हणाला.

"ते तुझ्या पोटाकडे बघून कळतंय," मी म्हणालो.

पण विचार डोक्यात बसला. घरी येताना आर्डिसला पटवायचे अकरा मुद्दे तयार केले. त्यातले तीन तर खरोखर चांगले होते.

जेवताना पहिला मुद्दा अर्धा झाला असेल, तोच तिने काटा खाली न ठेवता विचारलं, "दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह घेणार की तीन?"

मी म्हणालो, दोन पुरेत.

"तीनचा घे. पातं तिरकं फिरवायला तिसरा लागेल. बर्फ एका कडेला सारता येतं. आणि ती झडप घे, तेल अडवून धरणारी. नाहीतर पातं आपोआप खाली घसरतं म्हणे."

"म्हणे म्हणजे? कोण म्हणतं?"

"कॅटलॉग. बाथरूममध्ये पडला होता."

बिचारीला माझ्या छंदांचं कौतुक आहे. उरलेले दहा मुद्दे वाया गेले.

१४ जून

सिलिंडर आले. आज होज करून घ्यायला डॉरीनच्या दुकानात गेलो. तिचं गावाबाहेर पत्र्याचं दुकान आहे, लांबी सांगितली की तुमच्यासमोर रबरी होज कापून दोन्ही टोकांना पितळी तोंडं दाबून देते. आर्डिस म्हणाली, मीही येते. तिला त्या बाजूच्या नर्सरीतून टोमॅटोची रोपं हवी होती.

रोपं राहिली बाजूला, ती तासभर डॉरीनपाशीच उभी. होजची टोकं ट्रॅक्टरला कशी बसतात, कशी निघतात, ज्याच्या अंगठ्यात जोर नाही त्याने काय करायचं. मी मधे सांगितलं की माझे अंगठे ठणठणीत आहेत. डॉरीनने माझ्याकडे पाहिलं, आर्डिसकडे पाहिलं आणि म्हणाली, "इंजिन बंद करायचं, लिव्हर दोन्हीकडे हलवायचा. दाब गेला की पोरही काढील." मग तिने आर्डिसकडून दोनदा करून घेतलं. गिऱ्हाईक कमी असलं की दुकानदार असे बोलत बसतात.

आर्डिसच्या अंगठ्याचे सांधे गेली सहा-सात वर्षं धरलेले असतात. बरणीचं झाकणसुद्धा मी उघडून देतो. ती जुनी दांडी तिच्याने कधी हलली नसती. अर्थात तिला हलवायची होती कशाला.

५ जुलै

वाईट दिवस. सगळं जोडून झालं, इंजिन सुरू केलं, आणि ट्रॅक्टरची मूळची लिफ्टच मेली. पातं जमिनीवरून बोटभरही उठेना. चारदा पुस्तक वाचलं. पुस्तक चुकीचं आहे असं माझं मत झालं.

संध्याकाळी मर्लिन आला. शेडमध्ये वाकला, तीन सेकंद बघितलं आणि जमिनीवर बसून हसायला लागला. व्हॉल्व्हला तीन तोंडं असतात. एकातून तेल आत येतं, एकातून पुढे लिफ्टकडे जातं, एकातून टाकीत परत जातं. मी शेवटच्या दोन होजची अदलाबदल केली होती.

"एकतीस वर्षं तुझ्या हातात बॉयलर होता?" डोळे पुसत मर्लिन म्हणाला. "मी त्या कारखान्याच्या शेजारी राहत होतो रे!"

मी म्हणालो की बॉयलरमध्ये तेल नसतं, पाणी असतं. आर्डिस कंदील धरावा तशी टॉर्च धरून उभी होती. तिने मर्लिनला कुठली होज कुठे जाते ते पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि पेन्सिलीने टोमॅटोच्या पाकिटावर काही तरी खरडलं.

१२ जुलै

कॅफेत गेलो तर माझ्या खुर्चीवर बाळाला दूध पाजायच्या बाटलीचं बूच ठेवलेलं. खाली चिठ्ठी : 'हे पुढच्या तोंडाला.' मर्लिनच्या पोटात काही राहत नाही.

९ ऑगस्ट

झालं! आज चार वाजून दहा मिनिटांनी पूर्ण झालं. लिफ्ट चालते, वरचा सिलिंडर चालतो, पातं तिरकं फिरतं, कुठे थेंब गळत नाही. अर्धा रस्ता ओढला, एकदाही उतरलो नाही. मन भरून आलं, खोटं कशाला बोलू.

एकच बारीक गोष्ट. उजव्या बाजूचा लिव्हर पुढे ढकलला की पात्याची उजवी बाजू खाली जायला हवी, ती वर येते. दोन होज उलट्या लागल्या आहेत. म्हणजे उलट्या असं नाही, वेगळ्या. आर्डिसने लगेच हेरलं.

"त्या दोन होज काढून अदलाबदल केल्या की झालं ना?"

मी सांगितलं की गरज नाही, मी मुद्दाम तसं ठेवलंय. एकदा डोक्यात बसलं की बसलं.

"तुझ्या डोक्यात," ती म्हणाली.

"मग आणखी कुणाच्या?"

ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

१७ ऑगस्ट

चमत्कार. सकाळी ट्रॅक्टर काढला तर उजवा लिव्हर सरळ चालायला लागलाय. पुढे ढकलला की खाली, मागे ओढला की वर. सोमवारपर्यंत उलटा होता, काल कॉफीचा दिवस असल्याने मी शेडमध्ये गेलोच नव्हतो. बराच विचार केला. नव्या होजमध्ये हवा अडकलेली असते, ती दोन-चार दिवसांत आपोआप निघून जाते आणि तेल आपला मार्ग शोधतं. बॉयलरमध्येही असंच व्हायचं. दुपारी मर्लिनला फोन करून हे समजावलं. तो म्हणाला, "हो, हवाच असणार."

आर्डिसच्या बागकामाच्या हातमोज्यांवर तेलाचे डाग आहेत. शिवणयंत्राला तेल घालताना काढून ठेवत जा म्हणून सांगायला हवं.

६ सप्टेंबर

तीन नोंदी, तिन्ही कुरकुरीच्या.

एक. कुणी तरी लिव्हरना आणि होजच्या टोकांना रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात. लाल, पिवळी, निळी. आर्डिस म्हणाली, "मला छान वाटतं." मी काढल्या नाहीत. बायकांना सगळीकडे रंग लागतो.

दोन. ट्रॅक्टरची सीट दर वेळी पुढे सरकलेली असते. माझे गुडघे स्टिअरिंगला आपटतात. सीटचा खटका ढिला झालाय, तपासला पाहिजे.

तीन. तास मोजणारा काटा खोटा निघाला. माझ्या नोंदीप्रमाणे मे महिन्यापासून ट्रॅक्टर त्रेचाळीस तास चाललाय. काटा बावन्न दाखवतो. नऊ तास हवेतून आले? बॉयलरवर असं मीटर असतं तर आम्ही फेकून दिलं असतं.

मर्लिन हल्ली मंगळवारी तिसरा कप घेतल्याशिवाय उठू देत नाही. आज तर फाशांचे सात डाव खेळलो. म्हातारपणी माणूस एकटा पडतो, त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली. मी बसतो त्याच्यासाठी.

२१ सप्टेंबर

डॉक्टरकडे. मी कानातल्या मळासाठी गेलो होतो, पण आर्डिस आत आली आणि डॉक्टरने कानाकडे न बघता खुब्याचा फोटो काढला. म्हणे हाडावर हाड घासतंय. खुबा बदलावा लागेल. डिसेंबरात जागा आहे.

मी म्हणालो, मे महिन्यात बघू. डिसेंबरात बर्फ असतं, मला रस्ता आहे. डॉक्टरने आर्डिसकडे पाहिलं. आर्डिस म्हणाली, "डिसेंबर चालेल." मी म्हणालो, "मे." घरी आलो. फ्रिजसमोर उभं राहून मी केंटचा कागद पुन्हा वाचला. हिवाळाभर मी अंथरुणात पडलो तर रस्ता कोण बघणार? मर्लिनला बोलवलं की हरलो. कान अजून बंदच आहे.

५ नोव्हेंबर

हे लिहू नये असं वाटत होतं. पण नोंद म्हणजे नोंद.

जमीन गोठायच्या आत शेवटचा हात मारायला सकाळी नऊला ट्रॅक्टर काढला. काम सुरेख चाललं. अकरापर्यंत रस्ता झाला. उतरायला गेलो तर उजवा पाय हललाच नाही. खुबा कुलूप लावल्यासारखा बसला. दोन्ही हातांनी मांडी उचलून पाहिली, ओरडलो, पण इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार.

मग मी काय केलं तर पुन्हा रस्ता ओढायला लागलो. घराच्या दारात ट्रॅक्टरवर नुसतं बसून राहणं बरं दिसलं नसतं. खाली गेलो, वर आलो. खाली गेलो, वर आलो. एकदा उतरायचा प्रयत्न, मग पुन्हा खाली. टपालवाली थांबून म्हणाली, "मि. ब्रेकी, या रस्त्यावर आता नाचता येईल." मी हात हलवला. खाली उतरावं लागू नये म्हणून सगळा उन्हाळा खपून जे बसवलं त्याच्यावर मी बसलो होतो आणि मला खाली उतरता येत नव्हतं. मला रडू आलं. थंडी होती म्हणून डोळ्यांतून पाणी येतंय असं समजून घेतलं.

दोन वाजता आर्डिस आली. थर्मासमध्ये सूप होतं आणि काखेत स्वयंपाकघरातलं पायरीचं स्टूल.  मला वरच सूप पाजलं, मग स्टूल चाकाशी लावून दोन्ही हात माझ्या कमरेला घातले. बसमध्ये चाकाच्या खुर्चीतल्या मुलांना ती अशीच उतरवायची. पाचेक मिनिटं लागली.

"आठ डिसेंबर," जमिनीवर टेकल्यावर ती म्हणाली. "मी सप्टेंबरातच तारीख घेतलीय."

"आणि रस्ता?"

"रस्ता असेल तिथेच. चल आत."

६ डिसेंबर

परवा ऑपरेशन. आर्डिसला विचारलं की बर्फ पडलं तर काय करायचं ठरवलंयस. ती म्हणाली, मी काढीन. मी हसलो नाही. तीन पानं सूचना लिहून दिल्या, क्रमांकासकट. चढावर मागे कसं यायचं, पातं खडीला लागू नये म्हणून वरचा सिलिंडर किती आत घ्यायचा, वळणावर घाबरायचं नाही. चाळीस मुलं मागे घेऊन तिने बर्फात बस चालवलीय, कबूल, पण ट्रॅक्टरचं वेगळं असतं.

तिने पानं घेतली, घडी केली आणि कॉफीच्या डब्याखाली ठेवली.

"वाचणार आहेस ना?"

"लाइल, तुझी बॅग भर."

१५ डिसेंबर

घरी येऊन पाच दिवस झाले. चाकांच्या चौकटीला, म्हणजे वॉकरला, धरून संडासापर्यंत जातो. बाकी त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रात्रीत चौदा इंच बर्फ. ओलं आणि जड. सकाळी सात वाजता आर्डिस माझा जुना कोट घालून शेडकडे गेली. मी खिडकीशी चौकट धरून उभा. मला वाटलं होतं की पहिल्या वळणावर खड्ड्यात जाईल आणि संध्याकाळपर्यंत आम्ही त्या फ्लॅटचे पडदे निवडत असू.

ट्रॅक्टरच्या पुढची माती उचलायची बादली तिने वर घेतली. पातं तिरकं केलं, उजवी बाजू दोन बोटं उचलली, आणि सरळ खाली निघाली. वळणावर न थांबता पातं दुसरीकडे फिरवलं. रस्त्याच्या तोंडाशी काउंटीच्या बर्फ सारणाऱ्या नांगराने कमरेइतका ढीग टाकला होता. तो तिने कडेकडेने खाऊन काढला. मी काय काय मोजलं सांगू? पाच फेऱ्या. एक तास चाळीस मिनिटं. खाली उतरली शून्य वेळा.

सूचना क्रमांक चार, सात आणि नऊ तिने तंतोतंत पाळल्या. ती आत आल्यावर तसं सांगितलंही. भुवयांवर बर्फ साचलेलं, गाल लाल. "हो का?" म्हणाली. कॉफी करायला डबा उचलला. खाली माझी तीन पानं होती, माझी घडी तशीच, कडेला माझ्याच हाताने लावलेली कागदाची टाचणीही न काढलेली.



२० डिसेंबर

व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी येते. पाय दुमडवताना म्हणाली, "माझ्या सगळ्या पेशंटांत तुमचाच रस्ता चांगला. कोण ठेवतं?"

"मी," मी म्हणालो. म्हणजे हायड्रॉलिक मी बसवलं या अर्थी.

आर्डिस बूट काढत होती. एक बूट काढायला तिला बराच वेळ लागला.

१९ जानेवारी

पारा शून्याखाली अकरा. मर्लिन सॉसेज घेऊन आला. त्याच्याशी बोलताना मी म्हणालो की आर्डिस पाहता पाहता शिकली, पहिल्याच दिवशी.

"पहिल्याच?" मर्लिन म्हणाला आणि सॉसेज तोंडात कोंबलं. मग बराच वेळ त्याला खोकला.

तो गेल्यावर मी जुनी पानं काढली. नऊ तास जास्तीचे. मेपासून सप्टेंबरापर्यंतचे मंगळवार मोजले. ट्रॅक्टर बंद पडलेले आणि पावसाचे सोडले तर बारा उरतात. दर मंगळवारी पाऊण तास. बारा गुणिले पाऊण, नऊ.

पेन्सिल ठेवून दिली. मीटर बरोबर होतं.

२० जानेवारी

काल लिहिलं ते वाचलं. तेल आपला मार्ग शोधतं असंही मी एका पानावर लिहिलंय. ते पान फाडावंसं वाटलं. बॉयलरच्या वहीतलं पान फाडलं तर नोकरी जायची, म्हणून नाही फाडलं.

आधी राग आला. माझ्या पाठीमागे, माझ्याच शेडमध्ये, आणि मर्लिन मला फासे खेळवत बसलेला! मग लाज वाटली. ती कधीपासून सांगत होती ते मला वहीत दिसतंय. तीन लिव्हर. झडप. अंगठे. सगळं माझ्याच अक्षरात आहे. मी विचारलं नाही म्हणून ती बोलली नाही, आणि मी विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. तिलाही हे घर सोडायचं नव्हतं. हे मला कुणी सांगायला हवं होतं, असं नाही. पण मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

तिला यातलं काही बोललो नाही. रात्रीची भांडी मात्र मी पुसली, चौकटीला टेकून.

२३ फेब्रुवारी

दोन दिवस वादळ. वारा असा की काढलेलं बर्फ तासाभरात परत. आर्डिस चारदा गेली. चौथ्यांदा आली तेव्हा अंगठे वाकत नव्हते. मी कोमट पाण्यात धरून ठेवले. "लिव्हर ढकलायला जोर लागत नाही," ती म्हणाली, "थंडीच फार."

केंटचा फोन. "डॅड, बातम्यांत बघितलं. रस्ता?"

"उघडा आहे."

"कुणाला बोलवलंत?"

"कुणालाही नाही."

"तू या खुब्यावर ट्रॅक्टरवर चढलास?"

मी आर्डिसकडे पाहिलं. ती पाण्यातले हात बघत होती. मी म्हणालो, "ईस्टरला ये, बोलू," आणि ठेवून दिला.

९ एप्रिल

ईस्टर. केंट साध्या गाडीने थेट दारापर्यंत आला. पायरीवर उभा राहून रस्त्याकडे बघत राहिला. उतार, पाठ, दोन्ही कडेच्या चऱ्या, सगळं जागच्या जागी.

टेबलावर ग्लास उचलून म्हणाला, "हरलो बुवा. डॅड, मला वाटलं नव्हतं तुझ्याने होईल. फ्लॅटचं नाव काढणार नाही."

तिथेच थांबलो असतो तर चाललं असतं. हॅम मस्त झालं होतं. आर्डिस वाटाणे वाढत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मी म्हणालो, "माझ्याने झालं नाही. डिसेंबरपासून मी एकदाही त्या ट्रॅक्टरवर बसलो नाही. सगळा रस्ता तुझ्या आईने ठेवलाय."

केंटने काटा ठेवला. धोके मोजणारा चेहरा परत आला. "म्हणजे मग डॅड, आपलं ठरलं होतं की..."

आर्डिस उठली. फ्रिजवरचा कागद काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि वाटाण्यांचा वाडगा पुढे करून म्हणाली, "काय लिहिलंयस ते वाच. मोठ्याने."

केंटने वाचलं, "'घरच्यांनी.'" आईकडे बघितलं. मग हसायला लागला, आधी बारीक, मग खांदे हलवून. "मॉम, तू हे एप्रिलमध्येच..."

"वाटाणे घे," ती म्हणाली.

२२ एप्रिल

पारा एक्कावन्न फॅरनहाइट. रस्ता पुन्हा चाळण. वर्षातून एकदा व्हायचाच.

डॉक्टरने चढायची परवानगी दिली. सकाळी काठी शेडच्या दाराला लावली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ट्रॅक्टरवर बसलो. गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट पुढे होती. सवयीने खाली खटक्याकडे हात गेला.

आर्डिस दारात उभी होती, माझा जुना कोट घालून.  लाल, पिवळी, निळी पट्टी हिवाळ्याने विटून गेली आहे, पण आहे.

खटका न ओढता हात वर घेतला. "कडेला उभं राहून पाठ बरोबर येते की नाही ते कुणी तरी बघायला हवं," मी म्हणालो. "वरून दिसत नाही ते."

"वरून नाहीच दिसत," ती म्हणाली.

तिने पायरीचं स्टूल आधीच आणलेलं होतं. उतरलो. ती चढली, इंजिन सुरू केलं. मी काठी घेऊन रस्त्याच्या कडेने चालत राहिलो आणि ओरडत राहिलो, उजवीकडे दोन बोटं, आता सोड. तिने त्यातलं अर्धं ऐकलं असेल.

दुपारी दोनपर्यंत रस्ता पूर्ण. मीटर बरोबर. तेल ठीक. गळती नाही.

ट्रॅक्टरवरून खाली उतरण्याच्या वेळा : एक.